पांढरी पाचच्या जरा वर

धम्मदीप नगराळेचं नाव तुम्ही ऐकलं नसेल, पण त्याने तुम्हाला कधी ना कधी घाबरवलेलं आहे. टीव्हीवरच्या मालिकेत सून दार उघडते, दारात मेलेला नवरा उभा असतो, कॅमेरा तीनदा तिच्या तोंडावर आपटतो आणि त्या तिन्ही आपटण्यांच्या खाली एक जाड, जड, न हलणारा सूर घुमत राहतो. तो सूर धम्मदीपचा. वरची धाडधाड कोणीही वाजवतं. खालचा सूर मात्र मुंबईचे निर्माते त्याच्याकडून मागून घेत. त्याला त्यांनी नावही ठेवलं होतं, 'नीचेवाला'. "नगराळेजी, यहाँ वो आपका नीचेवाला लगा दो," एवढं सांगितलं की निर्माता चहा प्यायला मोकळा.

हा नीचेवाला आला कुठून, हे धम्मदीपने मुंबईत कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर लोक हसले असते. तो आला कोराडीच्या वीजकेंद्रातून.

कोराडीची राख सगळ्यांना माहीत आहे. सकाळी वाळत घातलेला पांढरा सदरा संध्याकाळी करडा होऊन घरात येतो, हे नागपूरचा कोणताही ऑटोवाला सांगेल. पण वसाहतीत आणखी एक गोष्ट होती, ती म्हणजे घुमणं. दिवसरात्र, बारा महिने, एकच सूर. पाहुणे दुसऱ्या दिवशी वैतागून विचारत, "हा आवाज कशाचा हो?" आणि घरचे विचारत, "कोणता आवाज?" तान्ही पोरं त्या सुरात झोपायची. एखादा संच बंद पडून सूर खाली बसला, की बाया हातातलं काम टाकून दारात येत. "बंद पडली वाटते वं," असं एकमेकींना म्हणत आणि सूर पुन्हा चढेपर्यंत तिथेच उभ्या राहत.

धम्मदीपचा बाप नत्थू तिथल्या टर्बाइनवर होता. टर्बाइनवरचा माणूस घरी आला तरी टर्बाइन ओलांडूनच बोलतो. नत्थूने जेवताना मीठ मागितलं की पलीकडच्या क्वार्टरातली बाई हात पुढे करी. पण माणूस मोठा हौशी. नागपुरात एका लग्नात त्याने सिंथेसायझर पाहिला. एकाच पेटीतून सनई, व्हायोलिन, घंटा, सगळं निघतं, हे बघून त्याचे डोळे फाटले. पोरगं दहावी झालं तसा तो त्याला बसने सीताबर्डीच्या बाजारात घेऊन गेला. दुकानातल्या गलक्यात त्याच्या कानांना काही नीट ऐकू येईना. मग त्याने स्पीकरवर सरळ पंजा ठेवला, डोळे मिटले आणि दुकानदाराला म्हणाला, "हाव, काम करते. बांधून द्या."

वाद्य घरी आलं खरं, पण घरात वाजवलं की कसंतरीच वाटे. दुकानात गोड लागणारं व्हायोलिन क्वार्टरात आलं की किरकिरं होई. दोन सूर अगदी जवळजवळ असले आणि एक नसले, की त्यांच्यात हेलकावा पडतो; तो हेलकावा धम्मदीपला बोचत होता. चाळता चाळता त्याला वाद्याच्या पाठीमागे एक बारीकशी गुंडी सापडली. ती फिरवली की सगळ्या पट्ट्या मिळून थोड्या वर किंवा थोड्या खाली सरकत. त्याने ती हळूहळू फिरवत नेली. एका जागी हेलकावा थांबला आणि वाद्य घरात बसलं. खालची पांढरी पाच दाबली की बाहेरचं घुमणं आणि आतलं घुमणं एक होऊन जाई.

पेटीवाले पट्ट्यांना नंबराने ओळखतात. तर कोराडीचा सूर पांढरी पाचच्या जरा वर होता आणि काळी चारच्या बराच खाली, म्हणजे जगातल्या कुठल्याही पेटीत नसलेल्या जागी. धम्मदीपला यात काही वावगं वाटलं नाही. त्याला वाटलं, प्रत्येक गावाची आपली एक मशीन असते आणि ज्याने त्याने आपापल्या मशीनशी जुळवून घ्यावं, म्हणून कंपनीने ही गुंडी दिली आहे. बापाला त्याने तसं विचारलंही. नत्थूने अख्ख्या ओळीला ऐकू जाईल असं उत्तर दिलं.

"आपापली कशाची गा? हिंदुस्तानातल्या साऱ्या मशिनी एकाच चालीनं फिरतात. एक मागं पडली का साऱ्यायले समजते!"

मग तर प्रश्नच मिटला. सगळ्या देशाचा सूर एक आहे आणि तो आपल्या दारात वाजतो, अशा खात्रीने पोरगं वाजवायला बसलं.

वसाहतीत सत्यवती ढोके राहत. त्यांचे यजमान कोळशाच्या गाड्या रिकाम्या करण्याच्या कामावर होते आणि सत्यवतीबाईंची बुद्ध-भीमगीतांची पार्टी होती. एप्रिलात आणि बुद्धपौर्णिमेला आसपासच्या गावांतून बोलावणी येत. त्यांचा पेटीवाला बदली होऊन गेला, तेव्हा त्या नत्थूच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"नत्थूभाऊ, तुमचं पोरगं कॅसिओ वाजवते म्हणतात. मले द्या त्याले."

कोणत्याही कीबोर्डला कॅसिओच म्हणायचे दिवस ते. धम्मदीप तेव्हा कॉलेजात जाऊ लागला होता आणि त्याला रॉक वाजवायचं होतं. सत्यवतीबाईंच्या पार्टीत जाणं त्याला जरा कमीपणाचं वाटलं, हे खोटं कशाला बोला. पण बाईंनी पहिल्या तालमीला तोंड उघडलं आणि त्याचा कमीपणा कुठच्या कुठे गेला. आवाज कोरडा, रुंद, कसलीही नक्षी नसलेला. त्या गात तेव्हा समोरच्या एकट्यालाच काहीतरी समजावून सांगत आहेत असं वाटे. आणि सूर? सूर त्या कोणाकडून मागून घेतच नसत. खिडकीतून घेत.

घोटाळा उघडकीला आला तो नरखेड तालुक्यातल्या एका गावात. चहूकडे संत्र्याच्या बागा, विहिरीवरचे पंप बंद, सगळं चिडीचूप. विहारासमोर मंडप, माणसं खच्चून बसलेली. सत्यवतीबाईंनी गाणं धरलं आणि आवाज घसरला. सावरला, पुन्हा घसरला. ढोलकीवाल्याने धम्मदीपच्या कानात सांगितलं की बाहेरगावी हे असंच होतं, दोन गाणी वाया गेल्याशिवाय बाई लागत नाहीत. लोकांना वाटे बाई लाजाळू आहेत. बाईंनी पदर सारखा केला आणि मागे वळून हळूच म्हणाल्या, "धम्मा, आपली मशीन लाव ना गा."

त्याला क्षणभर कळलं नाही. मग कळलं. त्याने डाव्या हाताची करंगळी खालच्या पांढरी पाचवर ठेवली आणि दाबून धरली. नरखेडच्या त्या मंडपात कोराडी घुमायला लागली. सत्यवतीबाई हसल्या आणि गायल्या. त्यांची आई छप्पन्न साली दीक्षा घ्यायला गेली होती, त्यावर त्यांनी स्वतः बांधलेलं गाणं होतं ते.

"माय माही पायी गेली, कोराडीहून नागपूरले,
सडकेची धूळ नाही लागू देल्ली, पांढऱ्या लुगड्याले."

पुढे बसलेल्या म्हाताऱ्या डोळ्याला पदर लावून ऐकत होत्या. धम्मदीपच्या अंगावर काटा आला होता आणि करंगळीला कळ लागली होती, पण बोट काही उचललं नाही.

संगीतातलं त्याचं पहिलं काम हे असं. एक पट्टी, एक बोट, पूर्ण कार्यक्रम. उजव्या हाताने काय वाजवायचं ते तो वाजवी, पण डावी करंगळी बाईंच्या नावावर. एकदा कंटाळून त्याने पट्टीच्या फटीत आगपेटीची काडी खोचली. पट्टी आपोआप दबून राहिली, सूर चालू राहिला, हात मोकळा. स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन तो वाजवत होता, तर गाणं संपल्यावर बाई वळल्या.

"काडी लावली काहून?"

"सूर तं तोच आहे ना मावशी."

"तोच आहे. पण काडी आयकत नाही गा. मी कुठं श्वास घेतला, कुठं थांबली, थे बोटाले समजते. बोट ठेव."

त्याने काडी काढली. बाईंना हे पाठीमागे न बघता कसं कळलं, हे कोडं त्याला पुढची कितीतरी वर्षं सुटलं नाही.

त्याच काळात त्याने प्रीतम आणि दुर्गेश या वसाहतीतल्याच दोस्तांना घेऊन रॉक बँड काढला. प्रीतम गिटारवर, दुर्गेश ड्रमवर, आपला हा सिंथवर. बँडचं नाव 'राख'. दुसरं काय ठेवणार? सायकल स्टँडच्या मागच्या रिकाम्या शेडमध्ये तालमी चालत. कोळशाचे ट्रक, शहरात जाणारी भरलेली बस, परीक्षेत उडालेली दांडी, यांवर गाणी. लोकांना ती आवडत की नाही कोण जाणे, पण ऐकू मात्र सगळ्यांना जात. गिटारसुद्धा अर्थातच मशीनशी लावलेली. त्यामुळे तिघं एकमेकांशी असे जुळत की ऐकत राहावं.

मग शहरात आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा आली. नियम असा की रॉक बँडने एक तरी देशी वाद्य सोबत घ्यावं. यांनी शहरातल्या एका बासरीवाल्याला गाठलं. तालमीला वेळ नव्हता, तो थेट मंचावरच आला. बासरी तर काही पिळून लावता येत नाही. पहिल्या ओळीपासून बासरी एकीकडे, बँड दुसरीकडे. मंचावर भांडण लागल्यासारखं झालं. तिघांनाही एका गोष्टीची पक्की खात्री होती, की चूक बासरीची आहे. प्रीतमने तर गाणं अर्धवट थांबवून परीक्षकांसमोर जाहीरच केलं, "सर, यांची बासरी उतरलेली आहे!"

सभागृह हसून हसून लोळलं. बक्षिसाचा प्रश्नच उरला नाही. बासरीवाला माणूस मोठ्या मनाचा, तो रागावला नाही. खाली उतरल्यावर त्याने वाद्यामागची गुंडी पाहिली आणि म्हणाला, "ही मधोमध ठेवत जा बाळा."

"पण मग मशीनशी जुळत नाही," धम्मदीप म्हणाला.

"कोणत्या मशीनशी?"

त्या एका प्रश्नाने धम्मदीपच्या पायाखालची जमीन सरकली. आजवर जो सूर तो जगाचा समजत होता, तो जगाने ऐकलेलाच नव्हता. दुसऱ्या दिवशी प्रीतमने बहिणीची लाल नेलपॉलिश आणली, गुंडी मधोमध फिरवली आणि वर ठिपका देऊन कायमची पक्की करून टाकली. पुन्हा फजिती नको.

आता सत्यवतीबाईंना सांगणं आलं. तो मान खाली घालून गेला. त्याला वाटलं, त्या रागावतील. त्या तांदूळ निवडत होत्या.

"तुले जगासोबत वाजवाचं आहे, तं जगाचा सूर धर. मले तं कोराडीतच गाचं आहे," त्या म्हणाल्या. "फक्त बोट ठेवाचं विसरू नको."

मुंबईला गेला तेव्हाही त्याने ते वाद्य सोबत नेलं. सुरुवातीची वर्षं सगळ्यांची जशी जातात तशीच त्याची गेली, त्याचं रडगाणं कशाला? दुसऱ्याच्या गाण्यांत घंटा वाजव, जाहिरातीत पाणी पडल्याचा आवाज दे, असं चाललं होतं. एक दिवस एका मालिकेत एक प्रसंग आला. नवऱ्याला पोचवून आलेली बाई रिकाम्या घरात बसली आहे. बोलणं नाही, रडणं नाही. तीन जणांनी तीन तऱ्हांनी करुण वाजवून दाखवलं, दिग्दर्शकाचं समाधान होईना. धम्मदीपने खालच्या पांढरी पाचवर करंगळी ठेवली. दुसरं काहीच वाजवलं नाही. पडद्यावरची बाई जिथे श्वास घेई, तिथे बोट किंचित सैल करी, इतकंच. दिग्दर्शकाने चष्मा काढून पुसला.

तिथून नशीब उघडलं. पुढे त्याच सुराला लोकांनी मेलेले नवरे आणि कपटी जावा जोडल्या, ती गोष्ट वेगळी. धम्मदीपने शेकडो भागांना पार्श्वसंगीत दिलं. घर झालं, संसार झाला. 'राख'ही विझली नाही. प्रीतमने सीताबर्डीत इलेक्ट्रॉनिक्सचं दुकान टाकलं तरी दर हिवाळ्यात नागपुरात एक कार्यक्रम व्हायचाच आणि आता केस पिकलेले तिघंजण कोळशाच्या ट्रकवरची गाणी तितक्याच जोरात वाजवत. नत्थू शेवटपर्यंत पहिल्या रांगेत बसायचा. स्पीकर जवळ पडावा म्हणून एका कडेला, पंजा स्पीकरवर.

बाप गेल्यानंतर काही वर्षांनी धम्मदीप नागपूरला परतला. हल्ली संगीत इंटरनेटवरून पाठवता येतं, मालिकेतली सून नागपुरात बसूनही घाबरवता येते. इथल्या एका संस्थेने त्याचा सत्कार ठरवला. खुशी नावाची एक चुणचुणीत मुलगी त्याची माहिती घ्यायला आली.

"सर, तुमचे गुरू कोण?"

"सत्यवती ढोके," धम्मदीप म्हणाला. विचारही करावा लागला नाही.

"मस्त! त्यांची एखादी क्लिप द्या ना, आपण स्क्रीनवर लावू."

"पाठवतो," तो म्हणाला, आणि खुशी गेल्यावर त्याच्या लक्षात आलं की पाठवायला काहीच नाही. सगळीकडे फोन लावले. कुणाकडे कॅसेट नव्हती, कुणाकडे साधं घरगुती रेकॉर्डिंग नव्हतं. ढोलकीवाला वारला होता, पण त्याच्या मुलाला एक आठवण होती. धम्मदीप मुंबईत असताना एका कॅसेटवाल्याने बाईंना शहरातल्या स्टुडिओत नेलं होतं. चारी भिंतींना गाद्या लावलेली, बाहेरचा आवाज आत न येणारी खोली. बाईंना तिथे एक ओळ धड गाता आली नव्हती. जीव गुदमरला म्हणून उठून आल्या, आणि कॅसेटवाल्याने पुन्हा विचारलं नाही.

धम्मदीपला फार वाईट वाटलं. ज्या बाईमुळे आपण उभे राहिलो, आपल्या घरातला प्रत्येक घास ज्या सुरावर आला, तिचा आवाज या जगात कुठेच नोंदलेला नाही. बाईंची आता पंच्याहत्तरी उलटली होती. कोराडीचं क्वार्टर यजमान निवृत्त झाले तेव्हाच सुटलं होतं आणि त्या नारी रोडवर लेकीकडे, भावनाकडे, फ्लॅटमध्ये राहत होत्या. हे आता झालं नाही तर कधीच होणार नाही. त्याने भावनाला फोन केला.

"आई आता गात नाही भाऊ," भावना म्हणाली. "कोणी म्हणा म्हटलं का म्हणते, सूर गवसत नाही. तुम्ही या पण. तुमच्यासाठी गायली तं गायली."

मे महिन्याची दुपार. धम्मदीप स्कूटरवरून माइक, तारा आणि ते जुनं वाद्य घेऊन पोचला. वाद्य मुद्दाम आणलं होतं, बाईंना बरं वाटेल म्हणून. सत्यवतीबाई वाळल्या होत्या, पण डोळे तेच. त्यांनी त्याच्या डोक्यावरून, गालांवरून हात फिरवला.

"जयभीम मावशी."

"जयभीम बाप्पा. किती म्हातारा झाला गा तू!"

रेकॉर्डिंगवाल्याची एक रीत असते. कुणाच्या घरी गेलं की आधी सगळं बंद करायचं. त्याने कूलर बंद केला, पंखे बंद केले, फ्रिज बंद केला. फ्रिज बंद केला की स्वतःची किल्ली त्यात ठेवून द्यायची, हीही रीतच. म्हणजे जाताना किल्लीसाठी फ्रिज उघडावाच लागतो आणि तो चालू करायचं राहत नाही. नाहीतर माणूस रेकॉर्डिंग घेऊन जातो आणि घरवाल्यांचं दूध नासतं. स्कूटरची किल्ली दह्याच्या भांड्याशेजारी ठेवून तो बाहेर आला. घर एकदम शांत झालं. त्याने माइक लावला, करंगळी पांढरी पाचवर ठेवली.

"घ्या मावशी. मशीन लावली."

सत्यवतीबाईंनी डोळे मिटले. "माय माही..." आणि आवाज घसरला. सावरला, पुन्हा घसरला. त्यांनी पाणी पिऊन पुन्हा धरलं. पुन्हा तेच. घामाच्या धारा लागल्या होत्या. सुराच्या आसपास त्या चाचपडत होत्या, अंधारात खुंटी शोधावी तशा, आणि खुंटी काही हाताला लागत नव्हती.

"वय झालं गा धम्मा," त्या शेवटी म्हणाल्या. "राहू दे. तू आला, मले सारं भेटलं."

"हो मावशी, राहू द्या," तो म्हणाला. उशीर आपणच केला, असं त्याला वाटलं. त्याने माइकची तार गुंडाळायला घेतली. बाई उठल्या, त्याच्यासाठी चहा ठेवायला स्वयंपाकघरात गेल्या. भावनाला हात लावू देईनात. तोही किल्ली घ्यायला मागोमाग गेला. फ्रिजचं बटण दाबलं. जुना फ्रिज एकदा थरथरला आणि घुमायला लागला.

धम्मदीपचा हात फ्रिजच्या दारावर होता. पाठीमागे सत्यवतीबाई ओट्याशी उभ्या, पातेल्यात साखर टाकत होत्या, आणि गात होत्या.

ओठांतल्या ओठांत, पण गात होत्या. "सडकेची धूळ नाही लागू देल्ली..." सूर असा पक्का, की हलवून हलणार नाही.

"हे असंच करते आई," दारातून भावना म्हणाली. "इथं आली का गुणगुणते. बाहेर म्हण म्हटलं तं म्हणत नाही."

धम्मदीपने फ्रिजवर पंजा ठेवला, बाप ठेवायचा तसा. तोच सूर. पांढरी पाचच्या जरा वर. साऱ्या मशिनी एकाच चालीनं फिरतात, असं नत्थूने ओरडून सांगितलं होतं. ती चाल तारांवरून इथवर आली होती आणि नारी रोडवरच्या या फ्रिजमध्ये घुमत होती. बाईंचा सूर कुठेच गेला नव्हता. धम्मदीपने स्वतःच्या हाताने आधी तो बंद केला होता आणि मग त्यांच्यासमोर दुसराच, जगाचा, ठेवला होता.

"मावशी, थांबू नका. चहा राहू द्या. तिथंच बसा."

बाईंना काही कळलं नाही, पण त्या स्टुलावर बसल्या. तो धावत जाऊन माइक घेऊन आला, वाद्य ओट्यावर मांडलं. आयुष्यभर ज्याने रेकॉर्डिंगमधून अशी घुमणी काढून टाकायला लावली, त्याने माइक फ्रिजशेजारी उभा केला. सत्यवतीबाईंनी पहिल्यापासून गाणं धरलं. तोच कोरडा, रुंद आवाज. थकलेला, पण एकट्या माणसाला समजावून सांगणारा. माय पायी निघाली, सडक लागली, लुगडं पांढरं राहिलं. दारात भावना रडत होती आणि धम्मदीपचेही डोळे भरून आले होते.

पण त्याला एक गोष्ट ठाऊक होती. फ्रिज काही कोराडीसारखा बारा महिने चालत नाही. थंड झाला की थांबतो. बाई दुसऱ्या कडव्यात होत्या. त्याने वाद्य आपल्याकडे वळवलं, मागची गुंडी चाचपली आणि अंगठ्याच्या नखाने तो जुना लाल ठिपका खरवडायला लागला. कपचा कपचा करून निघाला. आवाज अगदी बारीक ठेवून त्याने पट्टी दाबली आणि गुंडी फिरवत नेली. हेलकावा लांबला, आणखी लांबला, थांबला.

तिसऱ्या कडव्यात फ्रिजला हिसका बसला आणि तो गप्प झाला.

सत्यवतीबाईंचा सूर हलला नाही. त्यांनी डोळेही उघडले नाहीत. धम्मदीपची करंगळी खालच्या पट्टीवर होती, उजव्या हाताने त्याने आवाज वर आणला होता, आणि बाई जिथे श्वास घेत तिथे तोही घेत होता. शेवटचं कडवं त्यांनी दोनदा म्हटलं, मंडपात म्हणायच्या तसं. गाणं संपल्यावरही त्याला बोट उचलवेना.

बाईंनी पदराने कपाळ पुसलं.

"मधात मशीन बंद पडली होती ना गा?"

"हाव मावशी. तुम्हाले कसं समजलं?"

"नाही समजणार?" त्या हसल्या. "मंग बोट आलं ना तुह्यं."